दुष्काळांतील मुली आणि केडगांव

पुण्याहून दौंडकडे निघालेली आगगाडी यवत मागें टाकून थोडी पुढें गेली म्हणजे केडगांवचें स्टेशन लागतें. आज या भागांत उसाचे मळे दिसतात. सव्वाशें वर्षांपूर्वीं तेथें बहुतेक कोरडवाहू माळ होता. त्या माळावर पंडिता रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती. अमेरिकेंतील हितचिंतकांनीं त्यांच्या शारदासदनास दहा वर्षें पैसा पुरविण्याचें वचन दिलें होतें. ती मुदत १८९८ च्या सुमारास संपावयाची होती, आणि त्यापुढें संस्थेचा खर्च स्वतःच्या फळबागेच्या उत्पन्नावर चालावा, असा बाईंचा हिशोब होता. हिशोब हिशोबाच्या जागीं राहिला. १८९७ सालीं ती बागेची जमीन एकाएकीं मुलींची वस्ती बनली. या मुली मध्यप्रांतांतील दुष्काळांतून आल्या होत्या. कोणाला आईबाप उरले नव्हते, कोणाला ते होते कीं नाहीं हेंहि माहीत नव्हतें.

या मुलींची हकीकत सांगतांना दुष्काळाचें वर्णन करावें, भूतदयेची स्तुति करावी आणि थांबावें, असा प्रघात पडला आहे. परंतु रमाबाईंनीं आपल्या दुष्काळांतील अनुभवांविषयीं जें लिहिलें, तें लक्षपूर्वक वाचणारास त्यांत भुकेइतकीच दुसरी एक भीति आढळते. ती माणसांची भीति आहे. चोर, दरोडेखोर यांची ती भीति नव्हे; हातांत खाऊ घेऊन, गोड बोलत, दयाळूपणाचा चेहरा धारण करून येणाऱ्या माणसांची ती भीति आहे.

बाईंची ही भीति पुस्तकी नव्हती. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं त्यांना संस्कृत शिकविलें आणि सारें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत देशभर हिंडलें. मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत वडील, आई आणि मोठी बहीण थोड्याथोड्या अंतरानें गेलीं. उरली विशीच्या आंतील रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. पुढें कित्येक वर्षें हीं दोघें पायीं हिंडलीं. कधीं उपाशी, कधीं उघड्यावर. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोचलीं आणि तेथील विद्वानांनीं रमेला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. त्यापूर्वींच्या वर्षांत भाऊ बरोबर नसता तर काय झालें असतें, हा प्रश्न चरित्रकार सहसा विचारीत नाहींत. बाईंनीं मात्र तो स्वतःस विचारला असला पाहिजे. मध्यप्रांतांतून दुष्काळाच्या बातम्या येऊं लागल्या तेव्हां त्यांना आपलें तरुणपण आठवलें, आणि वर्गणी पाठवून स्वस्थ न बसतां त्या स्वतः तिकडे गेल्या.

१८९६ सालीं पावसानें दगा दिला होता. सरकारनें खडी फोडण्याचीं, तळीं खणण्याचीं कामें काढलीं होतीं, आणि ज्यांच्यानें काम होण्यासारखें नव्हतें त्यांच्यासाठीं अन्नगृहें उघडलीं होतीं. अन्नगृह हें नांव मोठें. बाईंनीं पाहिलेलें पहिलें अन्नगृह म्हणजे गांवाबाहेरची एक राई होती. तेथें म्हातारीं, तान्हीं, रोगी, धडधाकट अशीं सर्व माणसें राखेंत आणि धुळींत एकत्र पडलेलीं होतीं. तरुण मुलींना निराळी जागा नव्हती. त्यांच्यावर देखरेख करणारे मुकादम आणि पहारेकरी कोणत्या चारित्र्याचे आहेत, याची चौकशी करण्यास कोणास सवड नव्हती. ज्याच्या हातीं भाकरी तो मालक, असा तेथील कारभार. उपाशी मुलीस अशा मालकाला नकार देणें किती कठीण, हें सांगावयास नको.

पण अन्नगृहापर्यंत पोचल्या त्या मुली एका अर्थीं सुदैवीच म्हटल्या पाहिजेत. पुष्कळशा मुली वाटेंतच नाहींशा झाल्या. गांव सोडून अन्नाच्या शोधांत निघालेल्या मुली, विधवा, नवऱ्यांनीं टाकलेल्या बायका या मोठ्या रस्त्यांनीं चालत. बाजारांत, धर्मशाळांत, स्टेशनांवर बसून राहत. नेमक्या याच जागा हेरून कुंटिणी आणि त्यांचे साथीदार गांवोगांव फिरत होते, असें रमाबाई लिहितात. त्यांच्याजवळ मिठाई असे, लुगडीं असत. चांगल्या ठिकाणीं नेतों, सुखांत ठेवतों, अशीं वचनें असत. सरकारच्या ताब्यांत जाण्यापूर्वींच शेंकडों मुली अशा रीतीनें उचलल्या गेल्या, अशी बाईंची खात्री झाली होती.

येथें थोडें थांबून या धंद्याची रीत पाहणें इष्ट आहे, कारण तिच्यांत बळजबरीचा भाग फार थोडा आहे. पुरुष एकटा पुढें आला तर मुलगी बिचकते. म्हणून पहिली हांक बाई मारते. ती दमदाटी करीत नाहीं. ती नांव विचारते, गांव विचारते, तुझें कोण कोण गेलें म्हणून विचारते. कित्येक दिवसांत त्या मुलीला असें विचारणारें कोणी भेटलेलें नसतें. मग ती मावशी होते, आत्या होते. आपल्या भाषेंत परक्या माणसालाहि नात्याच्या नांवानें हांक मारण्याची जी सुंदर चाल आहे, ती अशा वेळीं फसवणाराच्या फार उपयोगी पडते. पहिल्या दिवशीं ती कांहीं मागत नाहीं, नुसतें देते. आणि घेतल्याचें ओझें मुलीच्या मनावर पुरेसें चढलें म्हणजे मग गाडीचें तिकीट निघतें.

आगगाडीचा यांत फार मोठा हात होता. ज्या लोहमार्गानें दुष्काळी मुलुखांत धान्य पोचलें, त्याच मार्गानें मुली बाहेर गेल्या. पूर्वीं एखाद्या मुलीला पळवून नेणारास चार गांवांतून जावें लागे. कोणी तरी ओळखे, कोणी तरी हटके. आतां एका रात्रींत ती अशा शहरीं पोचे कीं जेथें तिची भाषाहि कोणास समजूं नये. हा अनुभव केवळ हिंदुस्थानचा नव्हता. रमाबाई इंग्लंडांत चेल्टनहॅम येथें शिकत होत्या त्याच काळांत, १८८५ च्या जुलै महिन्यांत, विल्यम स्टेड या संपादकानें लंडनमध्यें अल्पवयी मुलींचा व्यापार कसा चालतो, हें आपल्या पत्रांत उघड केलें. तेथें एवढी खळबळ उडाली कीं महिन्याभरांत पार्लमेंटनें कायदा करून मुलींच्या संमतीचें वय तेरावरून सोळावर नेलें. त्याच सुमारास लंडनच्या स्टेशनांवर खेड्यांतून एकट्या येणाऱ्या मुलींना भेटून सुरक्षित घरीं पोचविणाऱ्या स्त्रियांची संस्था निघाली. बर्लिनमध्यें १८९४ सालीं असेंच काम सुरू झालें. १९०४ सालीं पॅरिस येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून जो करार केला, त्यांत तर स्टेशनांवर आणि बंदरांवर पहारा ठेवण्याचें कलमच आहे. अनोळखी माणसाची आणि मुलीची गांठ जेथें पडते, तेथेंच चांगल्या माणसानें आधीं जाऊन उभें राहिलें पाहिजे, हें तत्त्व युरोपांत या रीतीनें रुजलें. मध्यप्रांतांत फिरणाऱ्या रमाबाई हाच मार्ग चोखाळीत होत्या. मुली आपल्या दारीं येण्याची वाट त्यांनीं पाहिली नाहीं. त्या रस्त्यांवर आणि अन्नगृहांत गेल्या, आणि ज्या मुलींना कोणी नाहीं त्यांना घेऊन परतल्या. त्या दुष्काळांत त्यांनीं आणलेल्या मुलींची संख्या तीनशेंच्या घरांत जाते.

मुली आणल्या, पण ठेवावयाच्या कोठें? पुण्यांत शारदासदन होतें. परंतु त्याच वेळीं पुण्यास प्लेगनें घेरलें होतें. बाहेरून आलेल्या एवढ्या मोठ्या, अशक्त, रोगट समुदायाला शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हां बाईंना केडगांवच्या बागेची आठवण झाली. तंबू ठोकले गेले, गवताच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदन हें नांव आणि पक्क्या इमारती १८९८ पासूनच्या. आरंभ मात्र अशा उघड्या माळावर झाला. आलेल्यांपैकीं कांहीं मुली इतक्या खंगलेल्या होत्या कीं अन्न आणि औषध मिळूनहि त्या वांचल्या नाहींत.

ज्या वांचल्या त्यांच्या मनांत काय होतें? येथें या इतिहासांतील सर्वांत विलक्षण गोष्ट येते. या मुली आपणांस वांचविणारांनाच भीत होत्या. त्यांची समजूत अशी होती कीं, आपल्याला कांहीं महिने चांगलें खाऊंपिऊं घालून लठ्ठ करतील, मग उलटें टांगून खालीं आग पेटवतील आणि आपल्या अंगांतून गळणारें तेल औषधासाठीं भारी किमतीला विकतील. घाण्यांत घालून आपलीं हाडें पिळतील, असेंहि कित्येकींना वाटे. रमाबाईंनीं हें सर्व स्वतः नमूद करून ठेवलें आहे. आज हें वाचून हसूं येतें. पण मुलींच्या बाजूनें विचार केला तर त्यांत हसण्यासारखें थोडेंच आहे. परकीं माणसें उगाच खावयास घालीत नाहींत, एवढें सत्य त्या रस्त्यावर शिकल्या होत्या. त्यांचें चुकलें तें एवढेंच कीं भीति त्यांनीं चुकीच्या घरीं आणून ठेवली. मिठाई देणाऱ्या कुंटिणीची त्यांना शंका येत नव्हती, आणि अंघोळ घालणारी, केस कापणारी, औषध पाजणारी, वेळेवर उठविणारी बाई त्यांना राक्षसीण वाटत होती. फसवणारा माणूस पहिल्या भेटींत नियम सांगत नसतो. सांभाळणाराला ते पहिल्याच दिवशीं सांगावे लागतात. मुलांच्या दृष्टीनें पाहिलें तर पहिल्या आठवड्यांत गोड कोण आणि कडू कोण, याबद्दल संशयाला जागाच राहत नाहीं.

ही भीति उपदेशानें गेली नाहीं. ती जाण्यास दोन गोष्टी उपयोगी पडल्या, असें केडगांवच्या व्यवस्थेवरून दिसतें. एक म्हणजे, नव्या मुलींना सांभाळण्याचें काम बाईंनीं शारदासदनांतील जुन्या मुलींकडे दिलें. या जुन्या मुली स्वतः बालविधवा होत्या. अनाथपण म्हणजे काय हें त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आपल्यासारखीच एक मुलगी येथें वर्षांमागून वर्षें राहिली आहे, शिकली आहे आणि तिला कोणी टांगलेलें नाहीं, हा पुरावा कोणत्याहि व्याख्यानापेक्षां मोठा होता. दुसरी गोष्ट म्हणजे काम. शाळा होतीच, पण त्याखेरीज शेत, गाईम्हशी, विणकाम, शिवण, धुलाई, पाव भाजणें, टोपल्या वळणें असे पुष्कळ उद्योग तेथें हळूहळू उभे राहिले. त्यांत तेलाचा घाणाहि होता, आणि तो मुली स्वतः चालवीत. पुढें छापखाना निघाला. तेथें खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचीं कामें स्त्रिया करीत. ज्या मुलीच्या हातांत धंदा आहे, तिला भाकरीचें आमिष दाखविणें अवघड जातें. त्या काळीं मुलींच्या रक्षणाचा विचार करणारे बहुतेक लोक भिंती आणि पहारे यांच्यापुढें जात नसत. बाईंची दृष्टि किती लांबवर पोचली होती, हें यावरून दिसतें.

भिंती आणि पहारे यांचाच भरंवसा किती धरावा, याचा दाखला त्याच वर्षीं पुण्यांत मिळाला. १८९७ च्या मे महिन्यांत 'बाँबे गार्डियन' या पत्रांत रमाबाईंचें एक पत्र प्रसिद्ध झालें. प्लेगच्या इस्पितळांतील आणि विलगीकरणाच्या छावणींतील अव्यवस्थेवर त्यांत कडक टीका होती. आपल्या संस्थेंतील एक तरुण मुलगी सरकारी व्यवस्थेंत गेली आणि तेथल्याच एका पहारेकऱ्याच्या तावडींत सांपडून कायमची हातची गेली, अशी बाईंची तक्रार होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें हे आरोप साफ नाकारले. काळ मोठा कठीण होता. जून महिन्यांत रँडचा वध झाला. त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडांत असलेल्या प्रो. गोखल्यांनीं प्लेगच्या बंदोबस्ताविषयीं केलेल्या आरोपांना पुरावा मिळेना, म्हणून परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अशा प्रकरणांत पुरावा मिळत नाहीं याचें कारण उघड आहे. जिच्यावर अन्याय झाला ती बोलूं शकत नाहीं. बोलली तर तिचीच अब्रू जाते. आणि ज्याच्यावर आरोप आहे तो रक्षणाच्या कामावर नेमलेला असतो. रमाबाई या वेळीं लोकप्रिय नव्हत्या. केसरीनें त्यांच्यावर कठोर टीका केलेली होती. सनातनी समाज त्यांच्यापासून दुरावला होता. तरीहि सरकारविरुद्ध तोंड उघडण्याचें धैर्य या एकट्या बाईनें दाखविलें, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासांत जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाहीं.

सनातनी समाज दुरावला होता तो कां, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर चित्र एकांगी होईल. शारदासदन १८८९ सालीं मुंबईंत निघालें आणि पुढच्या वर्षीं पुण्यास आलें, तेव्हां मुलींच्या धर्मांत ढवळाढवळ होणार नाहीं, असें आश्वासन होतें. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखीं माणसें सल्लागार मंडळांत होतीं. परंतु कांहीं मुलींचें मन ख्रिस्ती धर्माकडे ओढलें जात आहे, असें दिसूं लागलें. १८९३ सालीं वाद विकोपास गेला, सल्लागार बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. केडगांवच्या मुलींना तर काढून नेणारे पालकच नव्हते. त्यांतील बहुतेक पुढें ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलीनें भाकरी देणाऱ्या कुंटिणीस दिलेला होकार जर खरा होकार नव्हे, तर आश्रय देणाऱ्या संस्थेचा धर्म तिनें स्वीकारला, त्यांत तिची स्वतःची इच्छा किती होती, हा प्रश्न टीकाकारांनीं केला, आणि तो केवळ द्वेषानें केलेला प्रश्न म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. लाला लजपतराय यांनीं त्याच काळांत उत्तर हिंदुस्थानांत अनाथ मुलांसाठीं जी चळवळ केली, तिच्या मुळाशीं हीच शंका होती. मात्र दोन्हीं गोष्टी एका मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. कुंटिणीच्या घरीं गेलेली मुलगी पुन्हां दिसत नसे. केडगांवची मुलगी लिहावयास शिके, धंदा शिके, तिच्याविषयीं वृत्तपत्रांत वाद होत आणि कोणीहि येऊन तिला पाहूं शके. सांभाळणारास प्रश्न विचारतां येणें, हा मोठाच फरक आहे.

आणखी एका बाबतींत केडगांवनें त्या काळाच्या पुढें पाऊल टाकलें. ज्या मुलींना वेळेवर वांचवितां आलें नाहीं, त्यांचें काय? आपल्या समाजांत अशा मुलीला परत घेणारें घर मिळणें जवळजवळ अशक्य होतें, आणि फसवणारास हें चांगलें ठाऊक असे. तुला आतां कोण घरांत घेईल, हें एकच वाक्य साखळदंडाचें काम करी. रमाबाईंनीं इंग्लंडांत असतांना फुलहॅम येथें धर्मभगिनींनीं चालविलेलें पतित स्त्रियांचें घर पाहिलें होतें. ज्या स्त्रियांचें नांव घेण्याचीहि आपल्याकडे लाज वाटे, त्यांच्याशीं तेथें कोणी मायेनें बोलतें, हें पाहून आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. केडगांवचें कृपासदन हें त्या आठवणीचें फळ होय. तेथें अशा स्त्रियांना स्वतंत्र जागा आणि उद्योग मिळाला. घडलें तें सांगितल्यावरहि दार बंद होत नाहीं, असें ठिकाण त्या वेळच्या महाराष्ट्रांत मुलींना फारच थोडें होतें.

मध्यप्रांताचा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोंच १८९९-१९०० सालीं गुजराथ, काठेवाड आणि राजपुताना यांवर त्याहून मोठें संकट आलें. संवत् १९५६ चें तें वर्ष. गुजराथेंत त्याला अजून छप्पनियो म्हणतात. या वेळीं बाईंनीं आपल्या हाताखालीं तयार झालेल्या स्त्रिया तिकडे पाठविल्या. त्या गांवोगांव फिरून मुलींच्या तुकड्या करीत आणि आगगाडीनें केडगांवास आणीत. मुलींना घेऊन जाणारी परकी बाई आणि तिच्याबरोबरचे डबेभर मुली, हें दृश्य दुरून पाहणारास कुंटिणीच्या टोळीहून निराळें दिसलें नसेल! आणलेल्या मुलींची संख्या आतां हजाराच्या वर गेली, आणि केडगांवची वस्ती दीड हजारांच्या पलीकडे पोचली. विहिरी खणल्या गेल्या; अंध मुलींसाठीं, वृद्ध स्त्रियांसाठीं निराळीं सदनें निघालीं. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अंध मुलींना बोटांनीं वाचावयास शिकवीत.

मनोरमाबाई १९२१ च्या जुलैमध्यें वारल्या आणि रमाबाई १९२२ च्या ५ एप्रिल रोजीं. कायदा या सर्व काळांत मागून येत होता. १८६० च्या दंडसंहितेंत मुलीला पालकाच्या ताब्यांतून पळविणें हा गुन्हा होता. परंतु जिला पालकच नाहीं अशा दुष्काळांतील मुलीला त्या कलमाचा फारसा आधार मिळत नसे. सोळा वर्षांखालील मुलीला वाईट कामासाठीं विकणें आणि विकत घेणें हेहि गुन्हे होते; पण मिठाई देऊन बोलावून नेलेल्या मुलीची विक्री सिद्ध कोणी करावी? १९२१ सालच्या राष्ट्रसंघाच्या करारानंतर, म्हणजे रमाबाईंच्या निधनाच्या पुढच्याच वर्षीं, दंडसंहितेंत ३६६ अ हें कलम आलें. कोणत्याहि उपायानें अल्पवयी मुलीला वाईट हेतूनें एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास प्रवृत्त करणें हाच गुन्हा ठरला. 'कोणत्याहि उपायानें' या दोन शब्दांत मिठाई, लुगडें आणि गोड बोलणें हीं सर्व आलीं. २०२३ च्या भारतीय न्यायसंहितेंत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्या कलमांतील मुलगी हा शब्द जाऊन बालक हा शब्द आला, कारण मुलगेहि फसतात हें तोंवर पुरतें कळून चुकलें होतें.

मधल्या काळांत बाजार, धर्मशाळा आणि स्टेशन या जागाच बदलून गेल्या. आतां अनोळखी माणूस मुलाला भेटतो तो त्याच्या हातांतील फोनवर. खेळ खेळतांना, गाणीं ऐकतांना, रात्रीं घर निजल्यावर. तो स्वतःचें वय खोटें सांगतो, छायाचित्र दुसऱ्याचें लावतो. खाऊच्या जागीं कौतुक आलें आहे, आणि पोटच्या भुकेच्या जागीं आपलें कोणी ऐकून घ्यावें ही भूक. मुलाशीं जाळ्यावरून असा संबंध जोडून त्याला नादीं लावणें हा माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें गुन्हा झाला. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें दुष्ट हेतूनें मुलाशीं अशा साधनांवरून वारंवार संपर्क ठेवण्यासहि शिक्षा सांगितली; ज्याला अत्याचाराची माहिती आहे त्यानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे, असें बंधन घातलें; आणि मुलाचें नांव वृत्तपत्रांत छापण्यास मनाई केली. मुंबईंत १९९६ सालीं निघालेला १०९८ हा फोनचा क्रमांक मुलानें स्वतः फिरवावा अशा हेतूनें निघाला.

तो फिरविण्यापूर्वीं मुलाला जें वाटतें तें मात्र केडगांवच्या मुलींना वाटलें त्याहून फारसें निराळें नाहीं. फोनवरचा तो मित्र पहिल्या कांहीं दिवसांतच सांगून ठेवतो कीं, घरीं बोललास तर ते तुझा फोन काढून घेतील, तुला मारतील, तुझी शाळा बंद करतील. तुला समजून घेणारा मी एकटा. आणि पुष्कळ घरांत हें भाकीत खरेंहि ठरतें. मूल गप्प बसतें. मध्यप्रांतांतून आलेल्या त्या मुलीहि अशाच गप्प बसल्या असतील, झोंपडीच्या दाराशीं उभ्या राहून कढई तापते आहे कीं काय हें पाहत. आणि शारदासदनांतील एखादी जुनी मुलगी त्यांच्याजवळ येऊन बसली असेल, त्यांच्या बरोबरीनें भाकरी खाण्यासाठीं.